चित्र अडकतं तिथे

४ जून

प्रिय बारके,

फोन न करता ईमेल लिहिते आहे. फोनवर तू भराभर सांगतेस, मी हो हो म्हणते आणि ठेवल्यावर त्यातलं काही आठवत नाही. तूही लिहूनच उत्तर दे. बातम्यांच्या कचेरीत दिवसभर तू व्हिडिओच कापतेस, तेव्हा हे तुला कळायला हवं. नाही कळलं तर इतकी वर्षं तिथे काय केलंस ते विचारीन.

आम्ही नवा कॉम्प्युटर घेतला. जुन्यावर तुझ्या काकांचे सुतारकामाचे व्हिडिओ कापताना चित्र अडकायचं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, हा घ्या, लोण्यासारखा चालेल." लोणी कसलं, खडीचा रस्ता आहे. परत त्याच्याकडे गेले तर म्हणतो, "तुमचं वापरणं चुकत असेल." छत्तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला हे ऐकवायला धाडस लागतं. त्याच्याकडे ते भरपूर आहे.

आमचं काम कसं चालतं ते आधी सांगते. काका मागच्या खोलीत करवतीचं मशीन चालवतात. ओतकामाच्या कारखान्यात तेहतीस वर्षं त्यांनी लाकडी साचे केले, म्हणून ते त्या खोलीलाही कारखाना म्हणतात. कॅमेरा स्टँडवर, बटण दाबणारे तेच. मी आत जात नाही, भुशाने मला दमा होतो. चित्रात फक्त त्यांचे हात, लाकूड आणि फिरतं पातं. कॅमेऱ्यातलं कार्ड माझ्याकडे आलं की मी आवाज बंद करते, कारण करवतीची ती किंकाळी माझ्याने ऐकवत नाही. नको तो भाग कापते आणि शेवटी काका त्यावर बोलतात. आठवड्याला दोन लाकडं जोडायचा एक सांधा. अकरा हजार माणसं बघतात आणि त्यातली निम्मी तरी पाहून आपापल्या घरी करून बघतात.

आता अडचण. प्रीव्ह्यूच्या खिडकीत सगळीकडे बारीक धक्के बसतात, हात टप्प्याटप्प्याने सरकतात. ते एक. दुसरं म्हणजे मोठा थांबा. काका लाकूड पुढे सारत असतात आणि चित्र ठप्प होतं. पाच सेकंद, कधी दहा. मग काही झालंच नाही असं पुढे चालू. जुन्या कॉम्प्युटरवरही गेले सात-आठ महिने हे असंच होत होतं, म्हणून तर नवा घेतला. मी थांब्याचा तुकडा कापून दोन्ही बाजू जोडून टाकते. बघणाऱ्याला पत्ता लागत नाही.

नाचता येईना अंगण वाकडं, असं मी वर्गात म्हणायचे. इथे नाचणारा नीट आहे आणि अंगणच वाकडं आहे. तेवढं सरळ करून दे.

काका बरे आहेत. हल्ली हाक मारली तर ओ देत नाहीत. कान गेलेत की ऐकून न ऐकल्यासारखं करतात, ते कळत नाही. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, सराव दांडगा आहे.

तुझी मावशी


६ जून

प्रिय मावशी,

दुकानदाराला एवढ्यात फटके मारू नकोस. कॉम्प्युटर चांगला असावा, त्याला काम कसं द्यायचं तेवढं सांगायला हवं.

कॅमेरा चित्रं फार घट्ट दाबून साठवतो. ती उलगडून दाखवताना कॉम्प्युटरला धाप लागते, म्हणून धक्के. तेव्हा असं कर. प्रीव्ह्यूच्या खिडकीखाली "पूर्ण" लिहिलंय तिथे "पाव" निवड. चित्र थोडं पुसट दिसेल, पण अंतिम व्हिडिओवर परिणाम होणार नाही. मग सेटिंगमध्ये जाऊन ग्राफिक्स कार्ड वापरायची परवानगी दे. नव्या मशीनवर बरेचदा ती बंदच असते, म्हणजे बैल गोठ्यात आणि नांगर तू ओढतेस. कार्डावरच्या फाइल आधी कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कवर उतरवून घे, कार्डावरून थेट काम करू नकोस. आणि एवढं करूनही भागलं नाही तर सॉफ्टवेअरला प्रत्येक फाइलची हलकी प्रत करायला सांग. कापायचं त्या प्रतीवर, शेवटी ते आपोआप मूळ फाइल वापरतं.

प्रीव्ह्यूच्या खाली एक बारीक ठिपका दिसेल. हिरवा असेल तर सगळी चित्रं दाखवली जाताहेत. मध्ये गाळली तर तो पिवळा होतो. त्याच्यावर लक्ष ठेव.

मोठा थांबा मात्र मला नीट समजला नाही. दोन वेगवेगळ्या कॉम्प्युटरवर तोच दोष म्हणजे कदाचित कॅमेरा किंवा कार्ड खराब. सगळ्यात वाईट थांबा असलेली एक मूळ फाइल मला पाठव. न कापलेली, आवाजासकट.

काकांना नमस्कार. त्यांच्या कानांची तपासणी करून घे, थट्टा बाजूला ठेवून.

बारकी


९ जून

प्रिय बारके,

सांगितलंस ते सगळं वहीत उतरवून क्रमाने केलं. बैल गोठ्यातच होता. आता बारीक धक्के पूर्ण गेले. हलकी प्रत करायची वेळच आली नाही. दुकानदाराची माफी मागणार नाही, पण त्याला मनातल्या मनात दोन गुण वाढवून दिले.

मोठे थांबे मात्र तसेच आहेत. उलट बाकी सगळं गुळगुळीत झाल्यामुळे ते जास्तच डोळ्यांत खुपतात. गंमत म्हणजे तेव्हा तुझा तो ठिपका हिरवाच असतो आणि खालचे सेकंदांचे आकडेही पळत राहतात. म्हणजे ठिपकाही बिघडलेला दिसतो.

काकांना सांगितलं, तुमचा कॅमेरा खराब आहे. ते खूश झाले. घरात काही बिघडलं आणि दोष त्यांच्यावर आला नाही, असं फार दिवसांनी घडलं.

फाइल सोबत जोडली आहे. नववं मिनिट बघ. आणि जरा घाई कर. पुढच्या आठवड्यात मोठ्या फळ्यांचा सांधा आहे, त्यात दिवसभर करवत चालणार. इतकं चित्रण खराब कॅमेऱ्यावर नको.

तुझी मावशी


१० जून

प्रिय मावशी,

फाइल मिळाली. बघते आहे. अजून दोन-तीन फाइल पाठवशील? एक आत्ताची, एक मागच्या वर्षीची.

तोपर्यंत काकांना मोठ्या फळ्यांचं काम थांबवायला सांग. कॅमेरा तपासायचा आहे असं सांग. करवत चालू असताना शेजारी कोणी असतं का? नसेल तर राहू दे. सहज विचारलं.

काकांना कधी चक्कर वगैरे येते का? डोकं दुखतं?

सविस्तर नंतर लिहिते. ऑफिसात घाई आहे.

बारकी


१२ जून

बारके,

तू मला ताकास तूर लागू देत नाहीस. छत्तीस वर्षं उत्तरपत्रिका तपासल्या आहेत मी. ज्याला उत्तर येत असतं आणि लिहायला भीती वाटते, त्याचं अक्षर मला लांबून ओळखू येतं. "सहज विचारलं" म्हणे. कॅमेऱ्याच्या तपासणीला डोकेदुखी कशाला लागते?

तू सांगणार नाहीस हे दिसलं, तेव्हा मीच बसले. तू आवाजासकट फाइल मागितली होतीस, म्हणून आवाज चालू केला. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

नववं मिनिट. काकांचे हात लाकूड पुढे सारताहेत. मग थांबले. आवाज थांबला नाही. करवत ओरडतच होती. मला आधी वाटलं, आवाज पुढे गेला आणि चित्र मागे राहिलं. मग मी पडद्याला नाक लावून बघितलं. पातं इतकं जोरात फिरतं की फिरताना आणि थांबलेलं सारखंच दिसतं, ते बघून काही कळत नाही. पण पात्याच्या मागून भुसा उडत होता. त्या सबंध वेळात बारीक बारीक भुसा उडत होता आणि त्यांच्या मनगटावर बसत होता.

चित्र अडकलेलं नव्हतं. तुझे काका अडकलेले होते. अंगठा पात्यापासून चार बोटांवर, आणि अंगठ्याचा मालक तिथे नाही. अकरा सेकंद. मग त्यांनी हात हलवला आणि पुढे काम सुरू केलं.

ठिपका खरं सांगत होता. त्याला मी खोटं ठरवलं.

काल आणि आज मी सगळ्या मूळ फाइल काढून बघितल्या. काका बाहेर गेले की बघायचं, आले की बंद करायचं, चोरासारखं. मागच्या ऑक्टोबरच्या आधी एकही थांबा नाही. त्यानंतर त्रेसष्ट. पहिले दोन सेकंदांचे, मग वाढत गेलेले. त्रेसष्ट वेळा मी माउस धरून तो तुकडा कापला आणि दोन्ही बाजू नीट जुळल्या की नाही एवढंच पाहिलं. अकरा हजार लोकांना मी एक धडधाकट माणूस दाखवला, आणि स्वतःलाही.

आता तुला जे माहीत आहे ते लिही. मी रडणार नाही. वाचते आहे.

मावशी


१२ जून, दुपार

मावशी,

माफ कर. मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. तुला कसं लिहायचं ते सुचेना म्हणून दोन दिवस मूग गिळून बसले. ते दोन दिवस काका मशीनवर होते, हे मला स्वतःला माफ करता येत नाही.

आमच्याकडे आरोग्याच्या कार्यक्रमाला एक डॉक्टर येतात, मेंदूचे. त्यांना मी नाव न सांगता तो तुकडा दाखवला. ते म्हणाले, बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, पण ही फिट असू शकते. फिट म्हणजे पडणं आणि हातपाय झाडणंच असं नसतं. काही फिटमध्ये माणूस उभ्या जागी थांबतो, डोळे उघडे असतात, आणि नंतर त्याला काही आठवत नाही. हाक ऐकू येत नाही. तू कानांचं लिहिलं होतंस ना, ते.

ते पुढे जे म्हणाले ते तसंच लिहिते. "आज मशीन बंद करा. उद्या नको, आज. आत्तापर्यंत त्यांचा हात थांबला. एखाद्या वेळी तो थांबणार नाही, नुसता पुढे जात राहील."

काकांना सांग. तपासणीची वेळ घे. त्यांनी ऐकलं नाही तर फ्यूज काढ.

बारकी


१५ जून

बारके,

सांगितलं. जेवणं झाल्यावर, समोर बसवून, सगळं क्रमाने. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि हसले.

"आठ महिने कॉम्प्युटर खराब होता," म्हणाले. "मग कॅमेरा खराब झाला. आता नवरा खराब?"

मी म्हटलं, मी चुकले होते.

"तू चुकतेस हे एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. तेव्हा आत्ता चुकत नाहीयेस कशावरून?"

तो तुकडा दाखवला. ते म्हणाले, "अडकलंय की चित्र. तूच तर सांगत होतीस." भुसा दाखवला. "आवाज वेगळा जोडला जातो, भुसाही मागाहून येत असेल, मला काय कळतंय त्यातलं. माझ्या हातात लाकूड असताना मी झोपतो, असं म्हणायचंय तुला?" मग दोन्ही पंजे माझ्यासमोर टेबलावर पसरले. "मोज. तू गणिताची."

दहा होती.

डॉक्टरांचं नाव काढलं तर उठून गेले. दुसऱ्या दिवशी मी फ्यूज काढून पदराला बांधला. त्यांनी तारेचा तुकडा घेऊन दोन मिनिटांत दुसरा केला. तेहतीस वर्षं कारखान्यात काढलेल्या माणसाला मी फ्यूजने अडवणार होते. काल ते आत गेले आणि त्यांनी आतून कडी घातली. कॅमेरा बाहेर आणून ठेवला. "घे, तुझा साक्षीदार," म्हणाले.

मी दाराबाहेर स्टूल घेऊन बसते. तोंडाला रुमाल. दाराखालून भुसा येतो आणि खोकला येतो, पण खोकताना आवाज ऐकू येत नाही म्हणून तो दाबून धरते. करवतीची किंकाळी मला आता पाठ झाली आहे. मोकळी फिरते तेव्हा वरच्या पट्टीत, लाकूड आत शिरलं की खाली उतरते. लाकूड सरकत असताना तो आवाज सारखा बदलत राहतो. मी तो न बदलण्याची वाट बघते. आवाज एकाच पट्टीत राहिला की मोजायला लागते. दोन, तीन, चार. मग तो बदलतो. मग पुन्हा.

आज एकदा सातपर्यंत गेले. उठून दारावर हात मारणार तोच थांबले. ते दचकले आणि त्यांचा हात सरकला तर? मारला नाही. आठाला आवाज बदलला. ते आतून शीळ घालत होते.

मला कशाचीही भीती वाटत नाही असं तुम्ही सगळी मुलं म्हणायचात. बारके, ते उत्तर चुकलं.

ते माझं ऐकत नाहीत, कारण मीच त्यांना शिकवलं की दोष यंत्रात आहे. आता यातून मार्ग सांग. तुझ्या धंद्यातला काही असेल तर तो सांग, उपदेश नको.

मावशी


१६ जून

मावशी,

रात्रभर विचार केला. धंद्यातलाच मार्ग आहे.

चित्र अडकलं की पूर्ण चौकट अडकते. अर्धी अडकत नाही. कुठल्याही कॉम्प्युटरला ते जमत नाही, आणि हे काकांनाही पटेल. आत्तापर्यंत चौकटीत फक्त काकांचे हात होते, म्हणून ते थांबले की सगळंच थांबल्यासारखं दिसलं. चौकट मोठी कर. कॅमेरा मागे घे. आणि शेजारी तू बस.

तू काहीतरी हलतं काम करत राहा. चित्र अडकलं तर दोघं अडकाल. काका एकटेच थांबले, तर मग ते यंत्राने केलेलं नाही.

पण करवतीवर नाही. नुसतं हातकाम, रंधा, पटाशी, आखणी. फिरणारं काही नको. यासाठी काकांना कसं तयार करायचं ते तुझ्यावर. खोटं बोलावं लागलं तर बोल, पाप माझ्या खात्यावर.

आणि मावशी, तो थांबा आला तर त्यांना ओढू नकोस, हलवू नकोस. हाताजवळची पटाशी फक्त बाजूला घे. हाक मार, वेळ मोज.

बारकी


२१ जून

बारके,

खोटं फारसं बोलावं लागलं नाही. म्हटलं, लोक विचारतात व्हिडिओ कापणारी बाई कोण, एकदा दिसू दे. हाताने करायच्या सांध्याचे तीन व्हिडिओ करू, मी पॉलिश पेपर घासायला बसते. ते म्हणाले, "म्हणजे लक्ष ठेवायला." मी म्हटलं, हो. खरं बोलले की ते गप्प होतात, हे इतक्या वर्षांनी कळलं. कुरकुर करत कॅमेरा स्वतःच लावला आणि मला नाकावर बांधायला स्वच्छ फडकं आणून दिलं.

पहिला दिवस गेला, काही झालं नाही. दुसराही गेला. मी देवाला मानत नाही, पण दुसऱ्या दिवशी मला कळेना, काय मागायचं. थांबा येऊ दे की नको येऊ दे? आला नाही तर ते पुन्हा करवतीवर जाणार. तेव्हा मी आपल्याच नवऱ्याला फिट यावी म्हणून वाट बघत पॉलिश पेपर घासत होते. ही गोष्ट तू कोणाला सांगू नकोस.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते गुण्या लावून फळीवर रेघ मारत होते. मला चिडवत होते. "इतकं घासतेस, त्या लाकडाने काय तुझं वाईट केलंय..." आणि वाक्य तिथेच राहिलं. पेन्सिल फळीवर टेकलेली. डोळे उघडे. मी त्यांच्या इतकी जवळ होते की त्यांचा श्वास लागत होता. ओठ किंचित हलत होते, कसलीतरी चव घेतल्यासारखे. मी हाक मारली. त्यांच्या नावाने मारली. मी त्यांना कधी नावाने हाक मारत नाही. मग डोळ्यांसमोर हात हलवला. बुबुळ हललं नाही. घरात सगळं होतं, दिवे चालू होते आणि माणूस नव्हता. मी मोजत होते म्हणून ओरडले नाही. चौदा.

मग ते म्हणाले, "हं, रेघ वाकडी आली." आणि खोडून पुन्हा मारली.

मी तास संपू दिला. मग कार्ड लावलं, पूर्ण आवाजात, आणि त्यांना खुर्ची दिली.

पेन्सिल थांबली तेव्हा ते लगेच म्हणाले, "हे बघ, अडकलं."

मी चित्र चालूच ठेवलं. चौकटीच्या दुसऱ्या अर्ध्यात एक म्हातारी पॉलिश पेपर खाली ठेवत होती. तिने मान वळवली. नाकावरचं फडकं ओढून काढलं. नावाने हाक मारली. हात वर केला, त्यांच्या तोंडासमोर नेला, हलवला. मी स्वतःचा चेहरा असा कधी बघितला नव्हता. पुन्हा बघायची इच्छाही नाही.

काका स्वतःकडे बघतच नव्हते. ते त्या बाईकडे बघत होते.

"तू हात हलवत होतीस?"

"हो."

"माझ्या तोंडासमोर?"

"हो."

"हे आत्ताचं आहे? आज सकाळचं?"

"तुमचा शर्ट बघा."

त्यांनी अंगातल्या शर्टाकडे बघितलं, मग पडद्याकडे. "पुन्हा लाव," म्हणाले. चार वेळा लावलं. चौथ्या वेळी म्हणाले, "तू इतकी घाबरलीस आणि मला पत्ता नाही."

मग उठून मागच्या खोलीत गेले. मी मागे गेले नाही. पान्याचा आवाज आला. थोड्या वेळाने करवतीचं पातं जुन्या चादरीत गुंडाळून आणलं आणि माझ्या पुढ्यात ठेवलं.

"कुठे ठेवशील ते मला सांगू नकोस."

तपासणीची वेळ मिळाली आहे. सोमवारी.

मावशी


१९ जुलै

प्रिय बारके,

हे पत्र माझं, म्हणजे काकाचं आहे. मी बोलतो आणि तुझी मावशी टाइप करते. शुद्धलेखन तिचं, बाकी माझं.

डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढला. मोठ्या मशीनमध्येही घातलं. साच्यात माती ठोकतात तसं वाटलं. गाठबीठ नाही. फिट आहे, गोळ्यांनी आटोक्यात येईल असं डॉक्टर म्हणाले. ते सगळे त्रेसष्ट तुकडे त्यांनी एका बैठकीत बघितले. मीही त्यांच्या शेजारी बसून बघितले. एकूण सहा मिनिटं चाळीस सेकंद. तेवढा वेळ मी कुठे होतो, असं त्यांना विचारलं. ते म्हणाले, कुठेच नाही.

करवतीची मला कधी भीती वाटली नाही. तिचा स्वभाव मला माहीत आहे. भीती आता त्या सहा मिनिटांची वाटते. झोपेत निदान उठल्यावर कळतं, आपण झोपलो होतो. इथे शिवण दिसत नाही. दोन्ही बाजू इतक्या साफ जुळलेल्या की कारागिराला लाज वाटावी. जेवताना, बोलताना, तुझ्याशी हे बोलतानाही मला वाटतं, आत्ता मध्ये काही गेलं का? आणि ते मला कळणार नाही. सांगेल तर फक्त तुझी मावशी. म्हणून मी अर्ध्या वेळ काम बघतो आणि अर्ध्या वेळ तिचं तोंड बघतो.

सहा महिने एकही थांबा आला नाही तर मशीनचा विचार करू, असं डॉक्टरांनी सांगितलंय. भिंतीवर कॅलेंडर लावलंय. गोळ्या सुरू होऊन सोळा दिवस झाले, सोळा फुल्या मारल्या. एकदाही

(इथे ते थांबले. मी टाइप करत होते, पुढचा शब्द आला नाही म्हणून मान वर केली. नऊ सेकंद. हात खुर्चीच्या पाठीवर होता. — मावशी)

एकदाही थांबा आलेला नाही. सोळापैकी सोळा. तू नेहमी म्हणायचीस ना, काका, तुमचं माप चुकत नाही. हातकामाचे व्हिडिओ चालू आहेत. मावशी शेजारी असते, लोकांना आवडते. एकाने लिहिलं, "काकू रागावल्यासारख्या का बघतात?" मी उत्तर दिलं, जन्मतःच.

पुढच्या उन्हाळ्यात ये. तोपर्यंत करवत सुरू झालेली असेल. तुला एक पेटी करून देतो.

तुझा काका


बारके,

वरचं त्यांना वाचून दाखवायचं होतं, ते नेहमी वाच म्हणतात. कंसातलं पुसून टाकणं सोपं होतं. हात तिकडे गेलाही. पेटीचं सांगताना इतके खुशीत होते.

वाचून दाखवलं. कंसासकट.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मी मोजायला लागले. त्यांनी ते ओळखलं. "विचार करतोय," म्हणाले, "मोजू नकोस." मग विचारलं, "किती?"

"नऊ."

"हात कुठे होता?"

"खुर्चीवर."

कॅलेंडरापाशी गेले. एकेक करत सोळाच्या सोळा फुल्या खोडल्या. आजची तारीख मोकळी ठेवली आणि उद्याच्या चौकोनात पेन्सिलीने एकचा आकडा लिहिला. मग पेन्सिल माझ्या हातात दिली.

"यापुढे तू लिहीत जा," म्हणाले. "मला काय माहीत असणार."

मावशी